उमेदवारी

या सदराच्या जुन्या वाचकांना आमच्या घरातील मंडळींची ओळख नव्याने करून द्यायला नको. सौभाग्यवती, चिरंजीव, सूनबाई, नात आणि त्या सर्वांचे ऐकून घेणारा मी. वर्षभर या चौघांपैकी कोणाची तरी आगळीक मी तुमच्यापुढे मांडतो आणि दिवाळी जवळ आली की संपादक लिहितात, ‘या खेपेस जरा मोठे लिहा.’ म्हणजे आगळीकही तेवढीच मोठी हवी! यंदा ती शोधायला मला कोठे जावे लागले नाही. ती माझ्याच हातून घडली होती.

गोष्ट २०२५ च्या मार्च महिन्यातली. नातीची दहावीची परीक्षा संपली होती. दहावीनंतरची सुट्टी ही काय चीज असते हे ज्यांच्या घरात ती येऊन गेली आहे त्यांनाच कळेल. परीक्षा संपते, निकाल लागायचा असतो, अकरावीचा प्रवेश तर त्याहून पुढे. आणि तोवर एक धडधाकट, हुशार, सोळा वर्षांचे माणूस दिवसाचे चौदा तास घरात मोकळे असते. सूनबाईंनी दूरदृष्टीने संगणकाच्या एका वर्गाची फी आधीच भरून ठेवली होती. पण परीक्षेनंतर चौथ्या दिवशी जेवताना नातीने जाहीर केले, “मी सायकलच्या दुकानात कामाला जाणार आहे.”

सौभाग्यवतींनी विचारले, “कोणत्या सायकलच्या?” जणू दुकान बदलल्याने प्रश्न सुटणार होता. चिरंजीवांचा चेहरा एकदम उतरला. ते हळूच म्हणाले, “पेपर बरे गेलेत ना गं? खरं सांग.” आणि सूनबाई म्हणाल्या, “ही बालमजुरी नाही का?”

हा शेवटचा प्रश्न माझ्या खात्यातला. निवृत्त माणसाला घरात दुसरे खाते नसले तरी कायद्याचे आणि वर्तमानपत्राचे खाते असते. मी सांगितले की १९८६ च्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून चौदा वर्षांखालील मुलाला नोकरीवर ठेवायला बंदी आहे. घरच्या धंद्यात शाळा सांभाळून हातभार लावणे आणि नाटक-सिनेमात काम करणे, एवढेच काय ते अपवाद. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामांवर बंदी आहे, बाकीच्या नाही. पंक्चर काढणे धोक्याचे नाही. “लोकांना काय सांगायचं?” सूनबाई म्हणाल्या. त्याला मात्र कायद्यात कलम नाही.

पोरीचा हट्ट उगीच नव्हता हे सांगायला हवे. तिच्या सायकलचा गिअर मध्ये सारखा अडत असे आणि तो दुरुस्त होईपर्यंत ती कोपऱ्यावरच्या त्या दुकानात तासन् तास उभी राही. मालक पन्नाशीचे, कमी बोलणारे गृहस्थ. हाताखाली नांदेडकडचा एक मुलगा, नुकतीच अठरा पूर्ण झालेला. एके काळी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. आता त्या गल्लीत स्कूटर उभ्या करायला जागा नाही, पण हे दुकान कसेबसे टिकून आहे. दारात हवा भरायचा पंप, पंक्चर शोधायचे पाण्याचे घमेले, वर छताला टांगलेल्या रिमा. नातीला ते दुकान म्हणजे प्रयोगशाळा वाटत होते.

शेवटी हो-ना करता करता असे ठरले की सकाळी नऊ ते एक जायचे, संध्याकाळी संगणकाचा वर्ग करायचा, आणि मालकांशी बोलणी करायला आजोबांनी जायचे. मी गेलो. नात माझ्या मागे दोन पावलांवर उभी होती. मालकांनी सर्व ऐकून घेतले, हातातला पान्हा खाली ठेवला आणि विचारले, “पण काका, पगाराचं काय?”

आणि मी म्हणालो, “छे हो! पगाराचं काही मनात आणू नका. तिला जरा वळण लागावं एवढंच.”

मालकांचा चेहरा खुलला. मीही मोठ्या मनाचा गृहस्थ या थाटात मागे वळलो. नातीच्या चेहऱ्याकडे मी पाहिले नाही. पाहिले असते तर हा लेख निम्म्यावरच संपला असता.

* * *

आपल्याकडे या प्रकाराला एक सुरेख शब्द होता, ‘उमेदवारी’. अलीकडे तो निवडणुकीवाल्यांनी पळवला आहे. आमच्या वडिलांच्या पिढीत मॅट्रिक झालेला मुलगा एखाद्या कचेरीत उमेदवारी करीत असे. म्हणजे खुर्ची मिळे, काम मिळे, साहेबाच्या शिव्याही मिळत; मिळत नसे तो फक्त पगार. पुढेमागे जागा रिकामी झाली तर आपली वर्णी लागेल या उमेदीवर तो वर्ष-वर्ष काढी. शब्दाची फोड कोणीही करावी, त्यात उमेद आहे, वेतन नाही.

मी स्वतः ही उमेदवारी केली आहे. १९६६ साली माझी एस. एस. सी. झाली. त्या वेळी ती अकरावीला असे. वडिलांच्या ओळखीच्या एका गृहस्थांचा पेठेत छापखाना होता. (नाव सांगत नाही. त्यांची नातवंडे या अंकाची वाचक असण्याचा संभव आहे.) लग्नसराई होती, पत्रिकांचा ढीग पडला होता. मला मूळ प्रत मोठ्याने वाचून दाखवायला बसवले. समोर मुद्रिते तपासणारे एक वृद्ध गृहस्थ. दुपारी मी जुळाऱ्यांच्या मागे उभा राहून छापून झालेल्या मजकुराचे खिळे सोडवून ज्या त्या घरात टाकायला शिकलो. बोटे काळी होत. ती शाई धुऊन जात नसे आणि ती जाऊ नये असेच मला वाटे.

एकदा एका पत्रिकेत नवऱ्यामुलाच्या नावामागे ‘चि. सौ. कां.’ छापायला निघाले होते. ते माझ्या लक्षात आले. यंत्र थांबवले, फर्मा उघडला, अक्षरे बदलली. दोनशे पत्रिका आणि एक लग्न, दोन्ही वाचली. मालकांनी पाठीवर थाप मारली. त्या दिवशी मी घरी चालत गेलो नाही, तरंगत गेलो.

पण शनिवारी संध्याकाळी पगार वाटत. मालक वही उघडून बसत, एकेकाला नावाने हाक मारीत, तो माणूस पुढे येऊन सही करी, अंगठा उठवणारा अंगठा उठवी. माझ्याच वयाचा एक मुलगा तिथे झाडलोट आणि शाई घोटायचे काम करी. त्यालाही हाक येई. आणि वही उघडण्यापूर्वी, न चुकता, मालक माझ्याकडे वळून म्हणत, “बाळ, जरा कोपऱ्यावर जाऊन चहा सांगून ये.”

पहिल्या शनिवारी मी धावत गेलो. दुसऱ्या शनिवारी मला समजले की चहा हे निमित्त आहे. पगार वाटताना मी तिथे उभा राहिलो तर त्यांना अवघड वाटते. त्यांना वाटते की मला, हे मात्र मला कळले नाही. दोन महिन्यांनी त्यांनी मला एक शाईचे पेन दिले. ते गळत असे. वडिलांना मी काही बोललो तेव्हा ते म्हणाले, “आपल्या लोकांत पैसे मागायचे नसतात. शिकायला मिळालं ना?”

ते खरेच होते. शिकायला मिळाले होते. म्हणूनच तर साठ वर्षे मी याबद्दल कोणाशी बोललो नाही, आणि वेळ आली तेव्हा अगदी वडिलांच्याच आवाजात सायकलवाल्या मालकांना सांगितले की पगाराचे मनात आणू नका.

* * *

नात जाऊ लागली. पहिले आठ दिवस ती घरी आली की साबणाने हात घासायची आणि सौभाग्यवती मोरीच्या दारात उभ्या राहून टॉवेल वाचवायच्या. जेवणाच्या टेबलावर नवे शब्द आले. ट्यूबला सोल्यूशन लावून लगेच ठिगळ चिकटवायचे नसते, ते सुकू द्यावे लागते. वाकड्या रिमचा ‘आऊट’ काढताना एक तार आवळली की समोरची किंचित सैल करायची, आणि घाई केली तर चाक आधी होते त्याहून वाकडे होते. गिऱ्हाईक ‘ब्रेक लागत नाही’ म्हणाले तर आधी त्याला सायकल चालवून दाखवायला सांगायचे, कारण निम्म्या वेळा ब्रेकचा काही दोष नसतो. हे सर्व ती आम्हांला जेवताना समजावून सांगे. सबंध दहावीत तिने इतके कधी समजावून सांगितल्याचे स्मरत नाही.

अशातच एका रविवारी अमेरिकेहून कन्येचा व्हिडिओवर फोन आला. भाचीची नोकरी ऐकून तिला कोण आनंद झाला! पण तिचा पहिला प्रश्न होता, “देतात किती?”

“अगं, शिकतेय ती,” मी म्हणालो.

“म्हणजे फुकट? बाबा, गेल्या वर्षी तो वरच्या मजल्यावरचा मुलगा पाहिलात ना तुम्ही?”

पाहिला होता. २०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघे न्यूयॉर्कला, क्वीन्स भागात, तिच्याकडे होतो. वरच्या मजल्यावर गयानाहून आलेले एक कुटुंब होते. त्यांचा मुलगा सोळा वर्षांचा, उंच, लाजाळू. जुलै महिन्यात मी रोज जवळच्या ग्रंथालयात वाचत बसायला जात असे, तो एक दिवस हाच मुलगा गळ्यात ओळखपत्र घालून पुस्तकांची ढकलगाडी नेताना दिसला. मला वाटले, बापाने कोणाच्या तरी ओळखीने चिकटवला असेल. तसे नव्हते. त्याचे नाव सोडतीत निघाले होते!

त्या शहराची ही योजना १९६३ पासून चालू आहे. चौदा ते चोवीस वयाच्या मुलामुलींनी अर्ज करायचा. अर्ज जागांपेक्षा फार येतात, म्हणून सोडत काढतात. ज्यांचे नाव निघेल त्यांना निरनिराळ्या संस्था आपापल्या भागातली कामे जोडून देतात. कोणी ग्रंथालयात, कोणी दुकानात, कोणी वृद्धांच्या केंद्रात, कोणी लहान मुलांच्या उन्हाळी शिबिरात. सहा आठवडे, आठवड्याला जास्तीत जास्त पंचवीस तास. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना ठरावीक भत्ता. सोळाच्या पुढच्यांना मोठ्या माणसाइतकेच किमान वेतन. ते त्या वर्षी तासाला सोळा डॉलर होते. म्हणजे सगळे तास भरले तर चोवीसशे डॉलर. आणि यातली मख्खी अशी की हा पगार दुकानदार देत नाही, योजनेच्या सरकारी पैशातून दिला जातो. दुकानदाराने द्यायचा तो वेळ आणि काम.

अठरा वर्षांखालील मुलाला तिथे कामाचा परवाना लागतो. त्यावर आईबापांची सही, डॉक्टरचा दाखला आणि वयाचा पुरावा. चौदा-पंधराच्या विद्यार्थ्यांचा कागद निळा, सोळा-सतराचा हिरवा. या मुलाने मला आपला हिरवा कागद दाखवला होता, आपल्याकडे मुंजीचे फोटो दाखवतात तसा. पहिल्या पगाराची पावतीही दाखवली. तिच्यात वृद्धांच्या निवृत्तिवेतनासाठी आणि औषधोपचारासाठी मिळून शेकडा साडेसात टक्क्यांहून थोडे अधिक कापलेले. तो तक्रार करीत होता. मी माझ्या पांढऱ्या केसांकडे बोट दाखवले, तेव्हा तो हसला आणि म्हणाला की तुमच्यासाठी असेल तर ठीक आहे.

या सोडतीमुळे पंडितांची एक सोय झाली. नशिबाने ज्यांना काम मिळाले ती मुले आणि नशिबानेच ज्यांना मिळाले नाही ती, यांची तुलना करता येते. २००५ ते २००८ या चार वर्षांतल्या जवळजवळ तीन लाख अर्जांवरून तीन अर्थशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यातून काय निघावे? आपल्याला वाटेल की ज्यांनी लहानपणी काम केले त्यांना पुढे मोठे पगार मिळाले. मुळीच नाही. उन्हाळ्यातली कमाई सोडली तर पुढच्या तीन वर्षांत त्यांची मिळकत वाढली नाही, किंचित कमीच भरली. कॉलेजात जाण्याच्या प्रमाणातही फरक पडला नाही. फरक पडला तो असा की काम मिळालेल्यांपैकी तुरुंगात गेलेले कमी होते, आणि अकाली मेलेलेही कमी. शिकागो शहरात २०१२ च्या उन्हाळ्यात तेरा शाळांमधल्या सोळाशे चौतीस मुलांवर अशीच पाहणी झाली. ज्यांना आठ आठवडे पगारी काम दिले, त्यांच्यातल्या मारामारी-हिंसेच्या गुन्ह्यांखाली होणाऱ्या अटका पुढच्या सोळा महिन्यांत शेकडा त्रेचाळीस टक्क्यांनी कमी झाल्या.

आमची नात तुरुंगात जाण्याचा संभव नाही. (सौभाग्यवतींचा टॉवेल हा एकच गुन्हा तिच्या नावावर आहे.) तेव्हा हे आकडे आमच्या घराला जसेच्या तसे लागू आहेत असे मी म्हणणार नाही. पण आठ आठवड्यांत कोणाला असे कोणते कौशल्य येते? पुस्तके मांडणे, पाने झाडणे! तेव्हा जे लागले ते कौशल्य नसावे. मला आपले वाटते की नऊ वाजता आईबाप सोडून दुसरे कोणीतरी मोठे माणूस आपली वाट पाहत आहे, आणि शनिवारी आपल्या नावाने हाक येणार आहे, हे ते असावे. पंडित असे म्हणत नाहीत, हे मी म्हणतो.

कन्येला मी म्हणालो, “पाहू.” बापाने ‘पाहू’ म्हटले की त्याचा अर्थ काय, हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे.

* * *

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस नात साडेदहालाच घरी आली. हात न धुता माझ्यासमोर खुर्चीवर बसली.

“मी उद्यापासून जाणार नाही.”

“काय झालं? कोणी काही बोललं का?”

“मला नाही बोललं कोणी. त्याला बोलले.”

तो म्हणजे नांदेडकडचा मुलगा. त्याचा दहावीत गणिताचा विषय राहिला होता आणि तो जून-जुलैतल्या पुरवणी परीक्षेला बसणार होता. दुकानात गर्दी नसली की नात त्याला समीकरणे सोडवून दाखवी आणि तो तिला रिमचा आऊट. त्या दिवशी सकाळी त्याने मालकांकडे पगारात थोडी वाढ मागितली. दोन वर्षे झाली होती, खोलीचे भाडे वाढले होते. मालकांनी मान वर न करता नातीकडे बोट दाखवले आणि म्हणाले, “ही बघ, चांगल्या घरची मुलगी. फुकट करते.”

“ते सहज बोलले असतील गं,” मी म्हणालो.

“सहजच बोलले. तो पण हसला. मला ‘ताई’ म्हणतो तो, आजोबा.” ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “तुम्ही त्या दिवशी पगार नको म्हणालात. मला विचारलं पण नाहीत. तो माझा पगार होता ना?”

वाचकहो, नातवंडांनी विचारलेल्या पुष्कळ प्रश्नांना मी या सदरातून मिस्किल उत्तरे दिली आहेत. या प्रश्नाला मला मिस्किल उत्तर सुचले नाही. साधेही सुचले नाही. मी तिला छापखान्याची गोष्ट सांगितली. चहाची. साठ वर्षांत पहिल्यांदा सांगितली, आणि स्वयंपाकघरातून ऐकणाऱ्या सौभाग्यवती बाहेर येऊन म्हणाल्या, “अगंबाई, म्हणून ते गळकं पेन तुम्ही टाकू देत नव्हता होय!”

* * *

संध्याकाळी मी एकटाच दुकानात गेलो. मुलगा सामान आणायला गेला होता. मी मालकांना सरळ सांगितले की मी चुकलो. ती यायची तर पगारावर येईल, नाहीतर नाही.

मालक रागावले नाहीत. त्यांनी मला स्टूल दिले आणि हिशेब मांडला. तो मला इथे दिलाच पाहिजे, कारण एरवी असल्या लेखात दुकानदार हा खलपुरुष होऊन बसतो. ते म्हणाले, “काका, तुमची नात हुशार आहे. पण पंक्चरला ती पाऊण तास घेते. मी दहा मिनिटांत काढतो. तिनं आऊट काढलेलं चाक मला पुन्हा तपासावं लागतं. त्या वेळात माझं एक गिऱ्हाईक परत जातं. शिकवायचं मी, नुकसान माझं, आणि वर पगारही मीच द्यायचा?”

याला उत्तर सोपे नाही. न्यूयॉर्कने ते तिजोरीतून दिले आहे. आपल्याकडेही १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. त्यात किमान वय चौदा आहे आणि विद्यावेतन देणे बंधनकारक आहे. २०१६ पासून केंद्र सरकार त्या विद्यावेतनाचा काही भार उचलते. पण तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला उमेदवार घेण्याची सक्ती, चारपासून एकोणतीसपर्यंत ऐच्छिक. मालक आणि एक पोऱ्या अशा दुकानाचे नाव त्या कायद्याच्या कागदावर येतच नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे पाठवावे असे म्हटले आहे. कल्पना चांगली आहे, पण ती शिकण्याची गोष्ट आहे, पगाराची नाही.

मला त्या वेळी पाबळ आठवले. शिरूर तालुक्यातले हे कोरडे गाव. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञांनी मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. काही वर्षांपूर्वी एका स्नेह्यांबरोबर मी तिथे गेलो होतो. शाळेतल्या आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातून एक दिवस हाताने काम करून शिकायचे, आणि शिकलेले काम गावाला करून द्यायचे, असा तो कार्यक्रम. लोखंडी काम, विजेचे काम, शेती, घर आणि आरोग्य. गावकऱ्याने मालाचे पैसे द्यायचे आणि थोडी मजुरीही. फुकट केलेल्या कामात कोणी खोट काढत नाही. पैसे मोजले की माणूस फाटक हलवून बघतो.

हे मी मालकांना सांगितले. ते घमेल्यातल्या पाण्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे कामावर पगार.”

“कामावर.”

शेवटी असे ठरले. पहिले पंधरा दिवस होऊन गेले होते, ते शिकवणीत गेले असे समजायचे. आता तिला रोज, त्या मुलाला दिवसाचे जे मिळते त्याच्या निम्मे. वेळही निम्माच होता. तिने काढलेले पंक्चर आठ दिवसांत पुन्हा बसले तर ते तिने सुट्टीच्या वेळात फुकट काढून द्यायचे. ही अट नातीनेच दुसऱ्या दिवशी येऊन घातली. मालकांना ती इतकी पसंत पडली की मला वाटले ते मुलालाही लावतील. मुलाच्या वाढीचे मी भीत भीत विचारले. मालक म्हणाले, “तो माझा आणि त्याचा विषय आहे, काका.” तेही बरोबरच होते. मे महिन्यापासून वाढ मिळाल्याचे नातीकडून कळले. किती, ते तिने सांगितले नाही. त्याने सांगू नको म्हटले होते म्हणे.

सूनबाईंचा ‘लोकांना काय सांगायचं’ हा प्रश्न मात्र आपोआप सुटला. सोसायटीतली अर्धी मंडळी आपापल्या मुलांच्या सायकली घेऊन दुकानात येऊ लागली आणि वर चिटणिसांच्या बायकोने “तुमच्या मुलीला सांगून जरा लवकर करून द्या ना” अशी शिफारस मागितली. सूनबाईंनी ‘नंबर लावा’ असे उत्तर दिले. तेव्हापासून संगणकाच्या वर्गाचा विषय घरात निघालेला नाही.

पहिल्या पगाराच्या शनिवारी मी मुद्दामच दुकानावरून गेलो. फिरायला जायची माझी वाट ती नव्हे, हे तिथल्या तिघांनाही ठाऊक होते. एक वाजायला आला होता. नात हात पुसत उभी होती. मुलगा शटरजवळ एक टायर बाजूला करीत होता. मालकांनी गल्ल्याखालून लाल कापडाची एक वही काढली, उघडली, खिशातले पेन शोधले. मग त्यांचे लक्ष माझ्याकडे गेले.

“काका, आलाच आहात तर जरा कोपऱ्यावर अमृततुल्यला चहा सांगून येता का? तीन.”

नातीने माझ्याकडे पाहिले आणि ओठ घट्ट मिटून घेतले. मी लगबगीने वळलो. मागून मालकांचा आवाज आला. ते तिला हाक मारीत होते, पूर्ण नावाने, आडनावासकट.

मी चार चहा सांगितले.